यादीतून दोन डबे काढायचे होते, एकच निघाला (पायथन, अगदी नवशिकी)

परळचा_डबा · सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. मी परळला घरून डबे देते, सध्या ३२ आहेत. रोज रात्री वहीत उद्याची यादी करते: कोण सुट्टीवर, कोणाला भात नको, कोणाचा उपवास. दोन महिन्यांपासून मुलीच्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकतेय, एवढ्यासाठीच की ही यादी कॉम्प्युटरने करून द्यावी आणि सासूबाईंनाही ती चालवता यावी. आधी एका क्लासला पैसे भरले होते. तिथे याद्या एका तासात उरकल्या आणि शंका विचारली की "पुढे कळेल" असं उत्तर यायचं. म्हणून इथे विचारतेय.

गिऱ्हाइकांची नावं इथे नकोत, ठिकाणं लिहिते. आमच्या या धाग्यावर रोमन अक्षरांत कोड टाकला की ओळी विस्कटतात, म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय. मशीनवर फॉर, इफ हे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीतच आहेत.

    डबे = ["लालबाग", "काळाचौकी", "शिवडी", "भोईवाडा", "नायगाव", "हिंदमाता"]
    सुट्टी = ["शिवडी", "भोईवाडा"]

    फॉर डबा इन डबे:
        इफ डबा इन सुट्टी:
            डबे.रिमूव्ह(डबा)

    प्रिंट(डबे)

शिवडी निघाला. भोईवाडा तसाच राहिला! लाल अक्षरांत चूकही दाखवली नाही. गेला आठवडाभर हाच प्रोग्राम रोज बरोबर चालला होता, म्हणून मी यादी वहीशी ताडून पाहणं सोडलं होतं. आज भोईवाड्याचा डबा भरला, गेला आणि तसाच परत आला. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात. अन्न वाया गेलेलं मला बघवत नाही. माझं कुठे चुकतंय?

बोरिवली_स्लो · सोमवार, रात्री ११:१०

ताई, आठवडाभर बरोबर चाललं तेव्हा सुट्टीवाले दोन डबे यादीत एकमेकांना लागून कधी आले होते का? मला वाटतं आज पहिल्यांदाच शेजारी-शेजारी आले.

परळचा_डबा · सोमवार, रात्री ११:१८

वही बघितली. खरंच! गेल्या आठवड्यात एकदाही शेजारचे दोन नव्हते.

जुना_कारकून · मंगळवार, सकाळी ६:२५

ताई, सुप्रभात. मी निवृत्त आहे. आयुष्यभर हिशेबाचे प्रोग्राम लिहिले, जुन्या भाषांत. पायथन साठीनंतर शिकलो आणि ही तुमची चूक मीही केली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लोकलचा बाक डोळ्यांपुढे आणा. खिडकीशी एक बसलाय, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, आणि कडेला अर्धा टेकलेला चौथा. मधला कोणी उठला की काय होतं? "जरा सरकून घ्या" म्हणायचीही गरज नसते, सगळे खिडकीकडे सरकतात. पायथनची यादी अगदी अशीच वागते. मधला घटक काढला की त्याच्या पुढचे सगळे एकेक जागा मागे सरकतात, रिकामी जागा राहत नाही.

आता त्या बाकावर तिकीट तपासनीस आलाय. तो माणसं लक्षात ठेवत नाही, जागेचा क्रमांक लक्षात ठेवतो. जागा ०, जागा १, जागा २. फॉर लूप, म्हणजे एकेक घटक घेऊन तेच काम पुन्हा करणारा कोड, यादीवरून फिरताना आतमध्ये हेच करतं. तुमच्या यादीत:

जागा ० वर लालबाग, ठीक आहे. जागा १ वर काळाचौकी, ठीक आहे. जागा २ वर शिवडी, सुट्टीवर आहे, उठवला. तो उठताक्षणी भोईवाडा जागा ३ वरून जागा २ वर सरकला आणि नायगाव ३ वर आला. तपासनीसाचं जागा २ चं काम झालेलं आहे, तो जागा ३ कडे वळतो. तिथे नायगाव. भोईवाड्याकडे त्याने पाहिलंच नाही.

एक उठला की त्याच्या लगेच पुढचा तपासणीतून सुटतो. तो सुटलेला सुट्टीवर नसेल तर काही बिघडत नाही, म्हणून तुमचा आठवडा सुखरूप गेला. आणि पायथनच्या दृष्टीने यात बेकायदा काहीच घडलेलं नाही, म्हणून लाल अक्षरं आली नाहीत.

विक्रोळीकर · मंगळवार, सकाळी ८:४०

काकांनी कारण छान सांगितलंय. उपाय एका ओळीचा आहे:

    आजचे = [ड फॉर ड इन डबे इफ ड नॉट इन सुट्टी]

मूळ यादीला हात लावायचाच नाही. नवीन यादी बनवायची. झालं.

मास्तरीणबाई · मंगळवार, सकाळी ९:०५

विक्रोळीकर, तुमची ओळ बरोबर आहे, पण ताईंना ती आत्ताच देऊ नका असं मला मनापासून वाटतं. मी शाळेत शिकवते. मुलांना ही ओळ आधी दिली की ती पाठ होते आणि दुसऱ्या प्रश्नाला लावता येत नाही. ताई, आधी हे चार ओळींत लिहा:

    आजचे = []
    फॉर डबा इन डबे:
        इफ डबा नॉट इन सुट्टी:
            आजचे.अपेंड(डबा)

रिकामी यादी घेतली. प्रत्येक डबा पाहिला. जायचा असेल तर नव्या यादीच्या शेवटी लावला. तुम्ही वहीवर नेमकं हेच करता ना? जुन्या पानावर खाडाखोड न करता नवीन पानावर जाणाऱ्यांची नावं उतरवता. अपेंड म्हणजे ते उतरवणं.

हे दहा वेळा वेगवेगळ्या कारणांसाठी लिहून झालं की विक्रोळीकरांची ओळ वाचता येईल, कारण तीत हेच चार तुकडे आहेत, फक्त क्रम वेगळा आहे.

विक्रोळीकर · मंगळवार, सकाळी ९:३०

मान्य. मीही आधी चार ओळींतच शिकलो होतो, विसरलो होतो.

बोरिवली_स्लो · मंगळवार, दुपारी १:१५

पूरक म्हणून: मूळ यादीतूनच काढायचं असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडे जायचं. तपासनीस दाराकडून खिडकीकडे आला तर जे सरकतात ते आधीच तपासून झालेले असतात, कोणी सुटत नाही. पण नवीन यादी हाच सोपा रस्ता, मास्तरीणबाईंशी सहमत.

परळचा_डबा · बुधवार, रात्री ९:४७

मंडळी, आज मन फार खट्टू झालंय. शिवडीचा डबा आज गेलाच नाही. तिथले आजोबा एकटे राहतात. दीड वाजता त्यांचा फोन आला. मी धावतपळत डबा भरून रिक्षा न मिळाल्याने टॅक्सीने स्वतः नेऊन दिला.

झालं असं. कारकूनकाकांचं वाचून मला वाटलं, फिरायचं एका यादीवरून आणि काढायचं दुसऱ्या यादीतून, म्हणजे सरकण्याचा प्रश्नच नाही. मास्तरीणबाईंचं उत्तर तोवर वाचलं नव्हतं. मी सोमवारचा कोड असा बदलला:

    आजचे = डबे
    फॉर डबा इन डबे:
        इफ डबा इन सुट्टी:
            आजचे.रिमूव्ह(डबा)

आणि मंगळवारीच दोन नवीन गिऱ्हाइकं आली म्हणून शेवटी एक ओळ घातली, "डबे" यादी परत फाइलमध्ये लिहायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच वाचता येईल. काल सुट्टी फक्त शिवडीची होती. आज पाहते तर फाइलमधून शिवडी कायमचा गेलेला. मी "आजचे"मधून काढलं होतं, "डबे"मधून नव्हे! मग मूळ यादी कशी बदलली?

जुना_कारकून · बुधवार, रात्री १०:२०

ताई, आजोबांपर्यंत डबा पोचला, हे महत्त्वाचं. प्रोग्राममधली चूक दुरुस्त होईल.

हा भाग मात्र नीट समजून घ्या, कारण याद्यांमध्ये नवशिक्यांचा जेवढा वेळ इथे जातो तेवढा दुसरीकडे कुठेही जात नाही.

शाळेत आपल्याला शिकवलं जातं की व्हेरिएबल ("डबे", "आजचे" यांसारखं नाव) म्हणजे डबी, आणि बरोबरचं चिन्ह म्हणजे एका डबीतलं दुसऱ्या डबीत ओतणं. पायथनमध्ये तसं नाही. बरोबरचं चिन्ह नाव ठेवतं, बाकी काही करत नाही. "आजचे = डबे" लिहिल्यावर दुसरी यादी तयार होत नाही. आहे त्याच यादीला दुसरं नाव मिळतं.

आपलं बोरीबंदरचं स्टेशन घ्या. माझ्या पिढीचे लोक अजून व्हीटी म्हणतात. १९९६ साली नाव बदललं, तेव्हापासून पुष्कळजण सीएसटी म्हणतात. २०१७ मध्ये त्यात "महाराज" आलं आणि पाटीवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झालं. नावं तीन, स्टेशन एक. व्हीटीचा एखादा प्लॅटफॉर्म दुरुस्तीसाठी बंद केला तर सीएसटीचा चालू राहील का? तुम्ही "आजचे" या नावाने शिवडीला उठवलंत. "डबे" या नावाचा बाकही तोच होता.

हे मशीनला विचारता येतं. "आजचे इज डबे" लिहा, ट्रू (खरं) येईल. म्हणजे दोन्ही नावं एकाच वस्तूची.

खरी दुसरी यादी हवी तर तसं सांगावं लागतं:

    आजचे = डबे.कॉपी()

किंवा "लिस्ट(डबे)", किंवा "डबे[:]". तिन्हींनी नवीन बाक मिळतो, त्यावर तीच माणसं त्याच क्रमाने. मास्तरीणबाईंची चार ओळींची रीत यासाठीही चांगली, कारण तीत "आजचे = []" म्हणताना बाक नवाच येतो.

परळचा_डबा · बुधवार, रात्री ११:३५

काका, व्हीटीच्या उदाहरणाने लख्ख कळलं. "इज" लावून पाहिलं, ट्रू आलं. कॉपी केल्यावर फॉल्स आलं. दोन्ही वेळा याद्या दिसायला अगदी सारख्या होत्या! सारखं दिसणं आणि तेच असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी आज शिकले.

चार ओळींची रीत घातली. फाइल हाताने दुरुस्त केली. उद्यापासून वहीदेखील चालू ठेवणार.

मास्तरीणबाई · गुरुवार, सकाळी ७:५०

वही चालू ठेवायचा निर्णय फार आवडला. निदान महिनाभर तरी ठेवाच. शिवाय प्रोग्रामच्या शेवटी मोजणीची एक ओळ घाला: एकूण डबे वजा सुट्टी बरोबर आजचे, हे जुळतं का ते "लेन" (घटक मोजून सांगणारी आज्ञा) वापरून तपासायचं. जुळलं नाही तर मोठ्या अक्षरांत "थांबा" छापायचं. भोईवाडा आणि शिवडी, दोन्ही दिवशी ही ओळ बोलली असती. शिवडीसाठी मात्र एकूण डब्यांचा आकडा यादीकडून घेऊ नका, तुम्ही हाताने द्या. यादीच बिघडली असेल तर ती स्वतःबद्दल खरं सांगणार नाही.

परळचा_डबा · गुरुवार, रात्री ८:३०

आज त्याच ओळीने वाचवलं!

उद्या एकच डबा सुट्टीवर, "दादर टीटी". एकच म्हणून मी चौकटी कंसच दिला नाही, नुसतं लिहिलं: सुट्टी = "दादर टीटी". प्रोग्राम चालला आणि मोजणीच्या ओळीने "थांबा" म्हटलं. बघते तर "दादर टीटी" गेलाच, सोबत "दादर" नावाचा वेगळा डबाही गेला. का?

बोरिवली_स्लो · गुरुवार, रात्री ८:५५

ताई, कारण "इन" हा शब्द यादीला एक प्रश्न विचारतो आणि अक्षरांच्या मजकुराला दुसराच. यादीला विचारतो, "हा पूर्ण घटक तुझ्यात आहे का?" मजकुराला विचारतो, "हा तुकडा तुझ्यात कुठे सापडतो का?" "दादर टीटी" या मजकुरात "दादर" सापडतो. कंस दिला असता तर यादीत एकच घटक, "दादर टीटी", आणि "दादर" हा त्याच्याशी जुळत नाही. घटक एकच असला तरी कंस हवाच: ["दादर टीटी"].

याच जातीची माझी चूक सांगते. मी लिस्ट("कुर्ला") असं लिहिलं, वाटलं एका नावाची यादी मिळेल. मिळाली सहा घटकांची: क, मग उकार, र, हलन्त, ल, काना. मजकुरावर लिस्ट लावलं की तो सुटा होतो, आणि देवनागरीत काना-मात्रा-उकार हे वेगळे घटक मोजले जातात. डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, लेन सहा सांगतो. इंग्रजी उदाहरणांवर शिकलेल्याला हे कधी भेटतच नाही.

पावसाळी_छत्री · गुरुवार, रात्री १०:०२

मी रोज वाचतेय, पहिल्यांदा लिहितेय. मराठी नावं व्हेरिएबलला देता येतात का खरंच? मला वाटलं धाग्यासाठी तसं लिहिलंय.

विक्रोळीकर · गुरुवार, रात्री १०:१५

येतात. पायथन ३ मध्ये "डबे", "सुट्टी" ही नावं जशीच्या तशी चालतात. कोडमध्ये थेट लिहिलेला आकडा मात्र इंग्रजीच लागतो. गंमत अशी की वापरणाऱ्याने कीबोर्डवरून "३४" टाइप केलं आणि तुम्ही त्याला "इंट" (मजकुराची संख्या करणारी आज्ञा) लावलं, तर ते ३४ म्हणून नीट वाचलं जातं. ताई, तुमच्या सासूबाई आकडे मराठीत टाकणार असतील तर बिनधास्त टाकू द्या.

परळचा_डबा · शुक्रवार, दुपारी ३:४०

आता शून्याबद्दल. महिन्याची हजेरी मी तीस दिवसांची यादी करून ठेवतेय. पहिल्या तारखेचा डबा शून्याच्या जागी. पैसे पंधरवड्याला घेते. हजेरी[०:१५] लिहिलं तर पंधरावी जागा येत नाही म्हणतात, चौदापर्यंतच येतं. हे असं उलटसुलट का ठेवलंय? पाठ करू शकते, पण कारण कळलं तर बरं.

मास्तरीणबाई · शुक्रवार, दुपारी ४:३०

कारण आहे, आणि ते कळलं की पाठ करावं लागत नाही.

जागेचा आकडा म्हणजे "कितवा" असं वाचू नका. "सुरुवातीपासून किती पुढे" असं वाचा. मी मुलांना पश्चिम रेल्वे देते. चर्चगेट सुरुवात, शून्य स्टेशनं पुढे. मरीन लाइन्स १, चर्नी रोड २, ग्रँट रोड ३, मुंबई सेंट्रल ४, महालक्ष्मी ५, लोअर परळ ६, प्रभादेवी ७, दादर ८. चर्चगेटला बसलात तर दादर आठव्या थांब्याला येतं. तुमची पहिली तारीख सुरुवातीपासून शून्य दिवस पुढे.

आता तुकडा. स्टेशनं[०:८] म्हणजे चर्चगेटपासून दादर येईपर्यंत. दादर येईपर्यंत, दादर धरून नाही. आठ स्टेशनं मिळतात आणि ८ वजा ० बरोबर ८, आकड्यांतच मोजणी दिसते. पुढचा तुकडा स्टेशनं[८:] लिहिला की तो दादरपासूनच सुरू होतो. दोन तुकडे जोडले तर एकही स्टेशन दोनदा येत नाही, एकही गळत नाही. तुमच्या पंधरवड्याला नेमकं हेच हवं: हजेरी[०:१५] आणि हजेरी[१५:३०]. सोळाव्या तारखेचे पैसे दोनदा लागणार नाहीत आणि बुडणारही नाहीत.

डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली एक छोटं टिपण लिहिलं होतं, मोजणी शून्यापासून का असावी यावर. त्यात सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा या पद्धतीच्या बाजूने हाच मुद्दा आहे: लागून येणारे तुकडे एकमेकांना स्वच्छ जुळतात आणि लांबी वजाबाकीने मिळते.

याच यादीवर मी आणखी दोन गोष्टी शिकवते. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. जागा तीच, नाव बदललं: स्टेशनं[७] = "प्रभादेवी". बाकी कोणी हललं नाही. आणि डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी-गोरेगावच्या मध्ये राम मंदिर स्टेशन आलं: स्टेशनं.इन्सर्ट(१७, "राम मंदिर"). गोरेगाव १७ वरून १८ वर गेलं आणि त्याच्या पुढची सगळी एकेक जागा सरकली. मुलांना मी विचारते, कोणाकोणाचा क्रमांक बदलला? अंधेरीचा बदलला का? ती बोटांनी मोजतात आणि मग कधी विसरत नाहीत.

जुना_कारकून · शुक्रवार, संध्याकाळी ७:१०

फार सुरेख. यात एक भर. सरकवण्याला मेहनत पडते. यादीच्या शेवटी अपेंड केलं तर कोणालाच हलावं लागत नाही, सुरुवातीला इन्सर्ट केलं तर प्रत्येकाला हलावं लागतं. ३४ डब्यांना काही फरक जाणवणार नाही. लाखो नोंदी असल्या की जाणवतो.

परळचा_डबा · रविवार, दुपारी ४:०५

रविवारी डबे नसतात, म्हणून आज तीन तास बसले. हजेरीचा तक्ता केला, ३४ डबे आणि प्रत्येकाचे ३१ दिवस:

    हजेरी = [[०] * ३१] * ३४
    हजेरी[२][०] = १

शिवडीची एक तारीख भरली. छापलं तर सगळ्या ३४ जणांची एक तारीख भरलेली! थोडा वेळ घाबरले. मग कारकूनकाकांचं व्हीटी आठवलं. "हजेरी[०] इज हजेरी[१]" विचारलं, ट्रू आलं. म्हणजे ही ३४ नावं एकाच ओळीला लटकलीत का?

जुना_कारकून · रविवार, संध्याकाळी ५:००

ताई, शाब्बास! बरोबर तेच. बाहेरच्या गुणाकाराने ओळीच्या ३४ प्रती काढल्या नाहीत, एकाच ओळीकडे ३४ वेळा बोट दाखवलं. तुम्ही कोणाला न विचारता ते शोधलंत याचा मला अतिशय आनंद झाला.

आतला [०] * ३१ मात्र चालतो. तिथेही ३१ बोटं एकाच शून्याकडे आहेत, पण आकडा स्वतः बदलत नाही, त्या जागी तुम्ही दुसरा आकडा ठेवता. यादी मात्र आतून बदलते. नवीन ओळ प्रत्येक वेळी नव्याने करा:

    हजेरी = []
    फॉर क्र इन रेंज(३४):
        हजेरी.अपेंड([०] * ३१)

आणि जाता जाता: .कॉपी() फक्त बाहेरचा बाक नवीन देतं. आत याद्या असतील तर त्या जुन्याच राहतात. यादीत याद्या आल्या की हे लक्षात असू द्या.

विक्रोळीकर · रविवार, संध्याकाळी ५:४०

ताई, आता डिक्शनरी शिकायची वेळ आलीय असं वाटतं. हजेरी[२] म्हणजे शिवडी हे तुम्हाला डोक्यात ठेवावं लागतंय. मधला एखादा डबा कायमचा बंद झाला की क्रमांक सरकणार आणि शिवडीची हजेरी भोईवाड्याच्या नावे लागणार. डिक्शनरीत हजेरी["शिवडी"] असं थेट नावाने लिहिता येतं, आणि प्रत्येक नावासमोर ३१ दिवसांची यादी. याद्या सुटत नाहीत, फक्त बाहेरची चौकट बदलते.

परळचा_डबा · रविवार, रात्री ९:२०

पटलं. पुढच्या रविवारी तेच. आज एक छोटं विचारते: क्रमाने लावायला यादी = डबे.सॉर्ट() केलं तर यादीत "नन" (काहीच नाही) येतं.

बोरिवली_स्लो · रविवार, रात्री ९:३१

सॉर्ट आहे त्याच बाकावर माणसांची जागा बदलतं आणि हातात काही देत नाही. नवीन लावलेली यादी हवी तर सॉर्टेड(डबे) लिहा, मूळ क्रम शाबूत राहतो.

मास्तरीणबाई · रविवार, रात्री १०:१०

मराठी यादी लावताना एक लक्षात घ्या. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, पण युनिकोडच्या (कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्याच्या) क्रमात तो ल च्या पाठोपाठ, व च्या आधी आहे. म्हणून कॉम्प्युटर "गोळीबार" आधी लावतो आणि "गोवंडी" नंतर. शब्दकोशाच्या क्रमाने गोवंडी आधी हवं. तुमच्या कामाला यात अडचण नाही, पण सासूबाई यादीत नाव शोधताना चुकीच्या जागी बघतील, म्हणून सांगितलं.

परळचा_डबा · मंगळवार, रात्री १०:१५

सासूबाईंनीच आज पहिल्यांदा प्रोग्राम चालवला. आकडे मराठीत टाकले, चालले.

उद्या संकष्टी. एकाच फेरीत तीन याद्या केल्या: सुट्टी, उपवास आणि नेहमीचे, प्रत्येकीची सुरुवात वेगळ्या रिकाम्या कंसाने. "इज" लावून तिन्ही वेगळ्या असल्याची खात्री केली. एकूण ३४, सुट्टी ३, खिचडी ११, नेहमीचे २०. वहीशी ताडून पाहिलं, जुळलं. शिवडीचे आजोबा खिचडीच्या यादीत आहेत.

आता साबुदाणा भिजत घालते.